इंग्लिश फुटबॉलमधील मॅनेजर आणि त्यांचे कार्यकाळ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये फुटबॉल क्लबचा ‘मॅनेजर’ म्हणजे नेमका कोण?

आपल्याकडे क्रिकेट संघाचा मॅनेजर म्हटले की प्रवास, हॉटेल, सरावाच्या वेळा आणि पत्रव्यवहार सांभाळणारा अधिकारी डोळ्यांसमोर येतो, आणि फुटबॉल नव्याने पाहू लागलेल्या वाचकाची गफलत इथेच होते. इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर हा संघाचा कर्ता असतो. मैदानात कोणते अकरा उतरायचे, कोणत्या रचनेने खेळायचे, कोणाला कधी बदलायचे हे तो ठरवतो, आणि परंपरेने कोणता खेळाडू विकत घ्यायचा व कोणाला सोडून द्यायचे यातही त्याचाच शब्द चालत आला आहे. क्रिकेटमध्ये कर्णधार, प्रशिक्षक आणि निवड समिती यांच्यात वाटली जाणारी सत्ता इथे एका माणसाच्या हाती एकवटते. त्यामुळे संघ हरला की बोट त्याच्याकडेच दाखवले जाते.

मग काही क्लब ‘मॅनेजर’ऐवजी ‘हेड कोच’ का म्हणतात?

हा फरक अधिकारांचा आहे. हेड कोच संघाला शिकवतो आणि सामन्यासाठी निवडतो. खेळाडूंची खरेदी-विक्री, वैद्यकीय विभाग, अकादमी यांचा कारभार मात्र स्पोर्टिंग डायरेक्टर किंवा फुटबॉल डायरेक्टर पाहतो. ही पद्धत युरोपात जुनी आहे आणि गेल्या वीसेक वर्षांत ती इंग्लंडमध्येही रुजली आहे. मिकेल आर्टेटा डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेनलमध्ये आले ते हेड कोच म्हणून. ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी एफए कप (सर्व थरांतील क्लबांची बाद पद्धतीची स्पर्धा) जिंकून दिल्यावर पुढच्याच महिन्यात क्लबने त्यांना मॅनेजर हे पद दिले आणि आता त्यांची जबाबदारी वाढली आहे असे जाहीरपणे सांगितले. उलट मँचेस्टर युनायटेडने नोव्हेंबर २०२४ मध्ये रुबेन अमोरिम यांना नेमताना ‘हेड कोच’ हेच पदनाम वापरले. ज्या क्लबमध्ये सर अॅलेक्स फर्ग्युसन यांनी २६ वर्षे सर्व सूत्रे स्वतःच्या हाती ठेवली, तिथे हा बदल व्हावा यातच काळ किती पालटला ते दिसते. या पानावर सोयीसाठी दोघांनाही मॅनेजरच म्हटले आहे.

‘प्रोफेशनल लीग’ म्हणजे कोणत्या लीग धरायच्या?

सर्वांत वर २० क्लबांची प्रीमियर लीग आणि तिच्याखाली प्रत्येकी २४ क्लबांच्या चॅम्पियनशिप, लीग वन आणि लीग टू, असे एकूण ९२ क्लब. मूळ फुटबॉल लीग १८८८ मध्ये १२ क्लबांनिशी सुरू झाली आणि १९९२ मध्ये वरचे क्लब बाहेर पडून प्रीमियर लीग झाली. चार थरांमध्ये बढती आणि पदावनती असल्यामुळे मॅनेजरच्या खुर्चीला जो धोका असतो तो आयपीएल किंवा आयएसएल (भारतातील फुटबॉल लीग) पाहणाऱ्यांना चटकन उमगत नाही. आपल्याकडे तळाला राहिलेला संघ पुढच्या वर्षी त्याच स्पर्धेत खेळतो. तिकडे तो एक पायरी खाली जातो, दूरचित्रवाणीचे उत्पन्न कोसळते, खेळाडू विकावे लागतात आणि कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या जातात. संचालक मंडळ घाबरते ते या घसरणीला.

मॅनेजर हे पद मुळात आले कुठून?

सुरुवातीला संघ निवडण्याचे काम संचालकांची समिती करत असे आणि क्लबचा सचिव कारभार पाहत असे. या सचिवांनाच पुढे ‘सेक्रेटरी-मॅनेजर’ म्हटले जाऊ लागले. अॅस्टन व्हिलाचे जॉर्ज रॅमसे १९२६ पर्यंत सुमारे चार दशके अशा पदावर होते.

आधुनिक अर्थाने मॅनेजर घडवला तो हर्बर्ट चॅपमन यांनी. १९२१ मध्ये त्यांनी हडर्सफील्ड टाउनची सूत्रे घेतली आणि १९२४ व १९२५ अशी सलग दोन वर्षे लीग जिंकून दिली. ते आर्सेनलमध्ये गेल्यानंतर हडर्सफील्डने तिसरेही विजेतेपद मिळवले. आर्सेनलला त्यांनी १९३१ आणि १९३३ मध्ये विजेते केले आणि जानेवारी १९३४ मध्ये, संघ आणखी एका विजेतेपदाच्या वाटेवर असताना, न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले. १९२५ मध्ये ऑफसाइडचा (बचावपटूंच्या पलीकडे आधीच उभ्या असलेल्या खेळाडूकडे चेंडू देण्यास मनाई करणारा) नियम बदलल्यावर बचावात तिसरा माणूस आणणारी रचना त्यांनी पक्की केली. मैदानाशेजारच्या गिलेस्पी रोड या भुयारी रेल्वेच्या स्थानकाला १९३२ मध्ये ‘आर्सेनल’ हे नाव मिळाले तेही त्यांच्याच पाठपुराव्याने. परंतु माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे काम म्हणजे संघ मॅनेजरच निवडेल, संचालक नाहीत, हा आग्रह. ही गोष्ट आज इतकी स्वाभाविक वाटते, पण इंग्लंडच्या राष्ट्रीय संघात निवड समिती १९६३ मध्ये अल्फ रॅमसी आल्यावर बंद झाली.

सर्वांत दीर्घ कार्यकाळ कोणाचा?

उत्तर फ्रेड एव्हरिस. १९०२ ते १९४८ अशी ४६ वर्षे ते वेस्ट ब्रॉमविच अॅल्बियनचे सेक्रेटरी-मॅनेजर होते. त्यांच्या काळात क्लबने १९२० मध्ये लीग आणि १९३१ मध्ये एफए कप जिंकला. परंतु त्यांच्या काळात संघ निवडण्यात संचालक मंडळाचा वाटा मोठा होता आणि दोन महायुद्धांमुळे नेहमीची स्पर्धा वर्षानुवर्षे बंद होती. म्हणून ४६ हा आकडा फर्ग्युसन यांच्या २६ शेजारी मांडताना दोन वेगळ्या नोकऱ्यांची तुलना होते आहे हे ध्यानात ठेवावे.

संघाची पूर्ण जबाबदारी असलेल्या आधुनिक मॅनेजरांमध्ये फर्ग्युसन यांचे नाव अग्रभागी येते. ६ नोव्हेंबर १९८६ रोजी ते मँचेस्टर युनायटेडमध्ये रुजू झाले आणि १९ मे २०१३ रोजी वेस्ट ब्रॉमविचच्याच मैदानावर ५-५ अशा बरोबरीने त्यांचा शेवटचा सामना संपला. तो त्यांचा युनायटेडसोबतचा १५००वा सामना होता. या काळात १३ प्रीमियर लीग विजेतेपदांसह ३८ करंडक आले. आर्सेन वेंगर यांनी आर्सेनलमध्ये १९९६ ते २०१८ या काळात १२३५ सामने पाहिले, तीन वेळा लीग आणि सात वेळा एफए कप जिंकला. त्यांतला २००३-०४ चा हंगाम ३८ सामन्यांत एकही पराभव न होता पार पडला.

फर्ग्युसन यांनाही एकदा नारळ मिळणार होता, हे खरे का?

हा प्रश्न सर्वाधिक विचारला जातो, आणि त्याचे उत्तर थोडे सविस्तर द्यायला हवे, कारण त्याभोवती आख्यायिका फार जमली आहे.

फर्ग्युसन यांचे पहिले चार हंगाम लीगमध्ये ११वे, २रे, ११वे आणि १३वे असे संपले. सप्टेंबर १९८९ मध्ये शेजारच्या मँचेस्टर सिटीने त्यांच्या संघाला ५-१ असे हरवले. डिसेंबरात प्रेक्षकांमध्ये एक फलक झळकला, त्याचा आशय असा की तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता निरोप घ्या. अशा अवस्थेत ७ जानेवारी १९९० रोजी एफए कपच्या तिसऱ्या फेरीत युनायटेडची गाठ नॉटिंगहॅम फॉरेस्टशी, त्यांच्याच मैदानावर पडली. आजारी आणि जायबंदी खेळाडूंमुळे संघ मोडका होता. समोरच्या बाकावर ब्रायन क्लफ बसले होते, फॉरेस्टमधील त्यांच्या कारकिर्दीला आदल्याच दिवशी १५ वर्षे पूर्ण झाली होती. दुसऱ्या सत्रात मार्क ह्यूज यांनी डावीकडून, बुटाच्या बाहेरच्या बाजूने वळवलेला चेंडू गोलसमोर टाकला आणि वीस वर्षांच्या मार्क रॉबिन्स यांनी तो डोक्याने जाळ्यात धाडला. युनायटेड १-० असे जिंकले, मे महिन्यात एफए कपही जिंकले आणि या क्लबमधला फर्ग्युसन यांचा पहिला करंडक त्यांच्या हाती आला.

त्या गोलने फर्ग्युसन यांची नोकरी वाचली असे सर्रास सांगितले जाते. क्लबचे तेव्हाचे चेअरमन मार्टिन एडवर्ड्स यांनी मात्र नंतर वारंवार सांगितले की तो सामना हरला असता तरी त्यांना काढण्याचा विचार नव्हता. मला एडवर्ड्स यांचे म्हणणे पटते, कारण पडद्यामागे युवा संघ आणि खेळाडू शोधणारी यंत्रणा नव्याने उभी राहत होती आणि ती संचालकांना दिसत होती. तरीही तो संयम अमर्याद टिकला असता का, याचे उत्तर कोणीच देऊ शकत नाही. लीगचे विजेतेपद यायला १९९३ उजाडावे लागले, क्लबला ते २६ वर्षांनी मिळाले होते. आज एखाद्या मॅनेजरला साडेसहा हंगाम लीगविना मोठ्या क्लबमध्ये राहू दिले जाईल अशी कल्पनाही करवत नाही.

रॉबिन्स यांचे नाव लक्षात ठेवावे, ते पुढे पुन्हा येणार आहे.

म्हणजे मॅनेजरला जितका जास्त वेळ द्यावा तितके यश मिळते, असा नियम आहे का?

असा नियम काढणे चुकीचे ठरेल. आपल्या आठवणीत राहतात ते टिकलेले आणि जिंकलेले. ज्यांना तीन वर्षे वेळ दिला गेला आणि तरीही काही घडले नाही, त्यांची नावे कोणी काढत नाही. शिवाय यशामुळे कार्यकाळ वाढतो की कार्यकाळ वाढल्यामुळे यश येते, हेही सहज उलगडत नाही.

क्लफ यांचेच पाहा. १९७५ मध्ये त्यांनी फॉरेस्टची सूत्रे घेतली तेव्हा क्लब दुसऱ्या श्रेणीत रखडला होता. सहकारी पीटर टेलर यांच्या साथीने त्यांनी १९७७ मध्ये बढती, १९७८ मध्ये लीग आणि १९७९ व १९८० मध्ये सलग दोन युरोपियन कप (आजच्या चॅम्पियन्स लीगचे पूर्वरूप) मिळवले. त्या आकाराच्या शहरातील क्लबने असे काही करावे, याला इंग्लिश फुटबॉलमध्ये तोड नाही असे मी ठामपणे म्हणेन. परंतु त्याच कार्यकाळाचा शेवट मे १९९३ मध्ये पदावनतीने झाला. शेवटच्या वर्षांत त्यांची प्रकृती ढासळलेली सर्वांना दिसत होती, आणि इतक्या मोठ्या माणसाला ‘आता पुरे’ हे वेळेवर सांगण्याचे धाडस क्लबमध्ये कोणाला झाले नाही. दीर्घ कार्यकाळाची ही बाजू सांगितली जात नाही. जो माणूस क्लबची ओळख होऊन बसतो, त्याला बदलण्याची वेळ ओळखणे आणि ती पाळणे फार अवघड जाते. वेंगर यांच्या बाबतीतही अखेरच्या हंगामांत आर्सेनलच्या एमिरेट्स मैदानावरील रिकाम्या खुर्च्या बोलू लागल्या होत्या.

मोठा मॅनेजर गेल्यावर क्लब का कोसळतो?

नेहमीच कोसळतो असे नाही, आणि त्यासाठी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड यांची उदाहरणे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत.

सर मॅट बझ्बी यांनी युनायटेडला १९४५ पासून घडवले, १९६८ मध्ये युरोपियन कप जिंकून दिला आणि १९६९ मध्ये ते पायउतार झाले. त्यांच्या जागी आलेले विल्फ मॅकगिनेस दीड वर्षात गेले, बझ्बी यांना काही महिन्यांसाठी परतावे लागले, त्यानंतरचे फ्रँक ओफॅरेलही टिकले नाहीत आणि १९७४ मध्ये क्लब दुसऱ्या श्रेणीत गेला. चाळीस वर्षांनी फर्ग्युसन निवृत्त झाले तेव्हा त्यांनीच सुचवलेल्या डेव्हिड मॉइज यांना सहा वर्षांचा करार देण्यात आला आणि दहा महिन्यांत त्यांची उचलबांगडी झाली. त्यानंतर लुई व्हॅन गाल, जोझे मोरिन्यो, ओले गुन्नार सोल्शियार, एरिक टेन हाग असे एकामागून एक आले आणि गेले.

लिव्हरपूलमध्ये बिल शँक्ली १९५९ ते १९७४ असे होते. ते गेल्यावर क्लबने बाहेर शोध न घेता त्यांचे साहाय्यक बॉब पेस्ली यांना बसवले. पेस्ली १९३९ मध्ये खेळाडू म्हणून आले होते आणि तिथेच मुरले होते. त्यांनी नऊ हंगामांत सहा लीग विजेतेपदे आणि तीन युरोपियन कप मिळवले, म्हणजे शँक्ली यांच्याहून अधिक. पुढे जो फेगन, मग केनी डॅल्गलिश. लिव्हरपूलच्या अॅनफील्ड मैदानातील ज्या छोट्या खोलीत खेळाडूंचे बूट ठेवले जात, तिथे हे प्रशिक्षक सामन्यानंतर चहा घेत बसत आणि सरावाच्या नोंदवह्या चाळत. मागच्या वर्षी याच आठवड्यात कोणाला दुखापत झाली, सराव काय होता, हवा कशी होती, हे त्या वह्यांत सापडे. ज्ञान एका माणसाच्या डोक्यात न राहता खोलीत राहिले, म्हणून माणसे बदलली तरी क्लब चालत राहिला.

आजचे ब्रायटन आणि ब्रेंटफर्ड हेच वेगळ्या साधनांनी करू पाहतात. सप्टेंबर २०२२ मध्ये चेल्सीने ग्रॅहम पॉटर यांना ब्रायटनकडून दोन कोटी पौंडांहून अधिक भरपाई देऊन नेले. ब्रायटनने रोबेर्तो दे झेर्बी यांना आणले आणि त्याच हंगामात सहावे स्थान मिळवून प्रथमच युरोपीय स्पर्धेत प्रवेश केला. पॉटर यांना चेल्सीने एप्रिल २०२३ मध्ये काढले.

सर्वांत अल्प कार्यकाळ कोणता?

मे २००७ मध्ये लेरॉय रोझेनियर यांची टॉर्की युनायटेडमध्ये नेमणूक जाहीर झाली आणि दहाच मिनिटांत क्लबची मालकी बदलल्याने ती संपली. क्लब तेव्हा नुकताच या चार व्यावसायिक लीगांच्या बाहेर गेला होता, त्यामुळे काटेकोर यादीत हे उदाहरण कोणी धरते, कोणी धरत नाही.

क्लफ यांचे लीड्स युनायटेडमधील १९७४ चे ४४ दिवस सर्वश्रुत आहेत. ज्या डॉन रेव्ही यांनी १९६१ पासून तो संघ घडवला, त्यांच्यावर क्लफ यांनी वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती, आणि मग त्याच खेळाडूंसमोर जाऊन उभे राहण्याची वेळ त्यांच्यावर आली. प्रीमियर लीगमध्ये क्रिस्टल पॅलेसने २०१७ मध्ये फ्रँक दे बूर यांना लीगच्या चार सामन्यांनंतर काढले, त्या चारही सामन्यांत संघाला एक गोलदेखील करता आला नव्हता. ऑक्टोबर २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टने आंजे पोस्टेकोग्लू यांना ३९ दिवसांत आणि आठ सामन्यांनंतर निरोप दिला.

करंडक जिंकूनही मॅनेजरची गच्छंती होते, हे कसे?

याची उदाहरणे पाहिली की वाईट वाटते. क्लाउदिओ रानिएरी यांनी २०१५-१६ मध्ये लेस्टर सिटीला विजेते केले, हंगामाआधी सट्टेबाजांनी त्या शक्यतेला पाच हजारास एक असा भाव दिला होता. नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, संघ पदावनतीच्या रेषेच्या जेमतेम एक गुण वर असताना त्यांना काढण्यात आले. रोबेर्तो दी मातेओ यांनी मे २०१२ मध्ये चेल्सीला पहिली चॅम्पियन्स लीग मिळवून दिली आणि नोव्हेंबरात ते गेले. व्हॅन गाल यांची एफए कप जिंकल्यानंतर दोनच दिवसांत हकालपट्टी झाली. पोस्टेकोग्लू यांनी मे २०२५ मध्ये टॉटनहॅमला युरोपा लीग (चॅम्पियन्स लीगखालची युरोपीय स्पर्धा) जिंकून दिली, पण लीगमध्ये संघ १७वा आला होता, आणि सोळा दिवसांत त्यांना जावे लागले.

कारण उघड आहे. करंडक हा पाच-सहा चांगल्या रात्रींचा हिशेब असतो आणि लीगचे स्थान ३८ सामन्यांचा. संचालक मंडळ पुढच्या वर्षीच्या उत्पन्नाकडे पाहते, आणि ते उत्पन्न लीगमधील स्थानावर ठरते. लेस्टरच्या बाबतीत निकालाने मंडळाला तात्पुरते बरोबर ठरवले, संघ सावरून १२वा आला. तरीही तो निर्णय मला आजही बोचतो.

मॅनेजर बदलल्याने संघ खरोखर सुधारतो का?

नवा माणूस आला की दोन-तीन सामने जिंकले जातात, हे अनेकदा दिसते. परंतु मॅनेजर काढला जातो तो संघ त्याच्या कुवतीपेक्षाही वाईट खेळत असताना, चेंडू खांबाला लागत असताना, चार मुख्य खेळाडू जायबंदी असताना. अशी पडती वेळ कधी ना कधी सरतेच. ताप उतरणीला लागल्यावर आलेल्या वैद्याला श्रेय मिळावे तसे नव्या मॅनेजरचे होते.

वॉटफर्ड क्लबने या बाबतीत दोन्ही टोके दाखवली आहेत. २०१२ मध्ये पोत्सो कुटुंबाने क्लब घेतल्यानंतरच्या दहा वर्षांत तिथे डझनाहून अधिक मॅनेजर झाले. २०१४-१५ च्या एका हंगामात चौघांनी संघ सांभाळला आणि क्लबला प्रीमियर लीगमध्ये बढती मिळाली. २०२१-२२ मध्ये तिघे झाले आणि क्लब खाली गेला.

करार असताना काढले तर पैसे मिळतात का?

मिळतात. उरलेल्या कराराची भरपाई द्यावी लागते, आणि बहुधा मॅनेजरसोबत आलेल्या साहाय्यकांचीही. म्हणूनच निरोपाच्या निवेदनात ‘परस्पर संमतीने’ हे शब्द वारंवार दिसतात, रकमेवर तडजोड झाल्याची ती खूण असते. मॅनेजरांच्या बाजूने बोलणारी लीग मॅनेजर्स असोसिएशन ही संघटना १९९२ पासून आहे. खालच्या लीगमधील मॅनेजरांना तिचा आधार जास्त लागतो, कारण त्यांच्या गाठीला फारसे काही नसते.

हंगामी मॅनेजरची वर्षे मोजतात का?

नोंदी ठेवणारे सहसा हंगामी कार्यकाळ वेगळ्या खुणेने दाखवतात. मात्र काही माणसे या खुणेत हरवतात आणि त्यांतले एक नाव जिमी मर्फी यांचे.

६ फेब्रुवारी १९५८ रोजी म्युनिकला युनायटेडच्या संघाचे विमान कोसळले. २३ जण दगावले, त्यांत आठ खेळाडू होते, आणि बझ्बी मृत्यूशी झुंजत रुग्णालयात पडले. त्यांचे साहाय्यक मर्फी हे वेल्सच्या राष्ट्रीय संघाचेही मॅनेजर होते आणि वेल्सच्या सामन्यासाठी कार्डिफला असल्याने विमानात नव्हते. तेरा दिवसांनी, १९ फेब्रुवारीला, त्यांनी उरलेसुरले, राखीव आणि घाईने आणलेले खेळाडू घेऊन शेफील्ड वेन्सडेविरुद्ध संघ उतरवला. सामन्याची माहितीपुस्तिका छापायला गेली तेव्हा कोण खेळणार हे कोणालाच ठाऊक नव्हते, त्यामुळे युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. सामना ३-० असा जिंकला आणि मर्फी यांनी तो संघ एफए कपच्या अंतिम सामन्यापर्यंत नेला. अनेक याद्यांत हा सगळा काळ बझ्बी यांच्या १९४५ ते १९६९ या एका ओळीत सामावलेला असतो.

मॅनेजर व्हायला परवाना लागतो का?

प्रीमियर लीगमध्ये युएफा (युरोपीय फुटबॉल महासंघ) प्रो हा सर्वोच्च प्रशिक्षण परवाना अपेक्षित असतो आणि हंगामी व्यक्तीला १२ आठवड्यांची सवलत मिळते. पूर्वी खेळता खेळताच मॅनेजर होणारेही होते. डॅल्गलिश यांनी १९८५-८६ मध्ये खेळाडू-मॅनेजर म्हणून लीग आणि एफए कप दोन्ही जिंकले. आता कामाचा व्याप पाहता वरच्या लीगमध्ये ते अशक्यच झाले आहे.

परदेशी मॅनेजर कधीपासून आले?

ब्रिटन आणि आयर्लंडबाहेरचे पहिले मॅनेजर वरच्या श्रेणीत आले ते १९९० मध्ये, अॅस्टन व्हिलाचे योझेफ वेंग्लोश. ते एकाच हंगामात परतले. १९९७ मध्ये रूड गुलिट यांनी चेल्सीला एफए कप जिंकून दिला आणि वेंगर यांनी उरलेल्या शंका मिटवल्या. नंतर चित्र इतके बदलले की प्रीमियर लीग सुरू झाल्यापासून २०२५ पर्यंत एकाही इंग्लिश मॅनेजरने ती जिंकलेली नाही. त्याआधीच्या शेवटच्या हंगामात, १९९१-९२ मध्ये, हॉवर्ड विल्किन्सन यांनी लीड्सला विजेते केले होते.

कृष्णवर्णीय आणि महिला मॅनेजरांविषयी काय?

टोनी कॉलिन्स १९६० ते १९६७ या काळात रॉचडेलचे मॅनेजर होते. फुटबॉल लीगमधील ते पहिले कृष्णवर्णीय मॅनेजर, आणि १९६२ मध्ये त्यांनी चौथ्या श्रेणीतील तो छोटा क्लब लीग कपच्या (चार व्यावसायिक लीगमधील क्लबांची बाद स्पर्धा) अंतिम फेरीत नेला. इतक्या लवकर सुरुवात होऊनही अशा नेमणुका आजवर मोजक्याच राहिल्या, हे इंग्लिश फुटबॉलला शोभणारे नाही. जुलै २०२३ मध्ये फॉरेस्ट ग्रीन रोव्हर्सने हॅना डिंगली यांच्याकडे पुरुष संघ हंगामी स्वरूपात सोपवला, इंग्लंडमधील व्यावसायिक पुरुष संघ सांभाळणाऱ्या त्या पहिल्या महिला.

खालच्या लीगमध्ये दीर्घ कार्यकाळ जास्त आढळतात का?

काही क्लबांत आढळतात, आणि माझ्या दृष्टीने या विषयाचा गाभा तिथेच आहे. जॉन कोलमन यांनी १९९९ मध्ये अॅक्रिंग्टन स्टॅन्ली घेतले, २००६ मध्ये ते फुटबॉल लीगमध्ये आणले, २०१२ मध्ये सोडले, २०१४ मध्ये परतले आणि २०२४ पर्यंत राहिले. एडी हाउ यांनी डिसेंबर २००८ च्या अखेरीस, वयाच्या ३१व्या वर्षी, बोर्नमथची जबाबदारी घेतली तेव्हा चौथ्या श्रेणीतल्या त्या क्लबच्या खात्यातून आर्थिक कारणांमुळे १७ गुण वजा झालेले होते. त्यांनी संघ वाचवला, मध्ये थोडा काळ बर्नलीला जाऊन परतले, आणि २०१५ मध्ये तोच क्लब प्रीमियर लीगमध्ये पोहोचला. मार्च २०२५ मध्ये त्यांनी न्यूकॅसलला लीग कप मिळवून दिला, क्लबचा ७० वर्षांतला तो पहिला मोठा देशांतर्गत करंडक.

आणि आता मार्क रॉबिन्स. मार्च २०१७ मध्ये ते दुसऱ्यांदा कॉव्हेंट्री सिटीत आले तेव्हा क्लब चौथ्या श्रेणीकडे घसरत होता, आणि घसरलाही. २०१८ मध्ये त्यांनी तो वर आणला, २०२० मध्ये लीग वन जिंकली, २०२३ मध्ये प्रीमियर लीगच्या दारात, बढतीच्या अंतिम सामन्यात, संघ पेनल्टींवर हरला. २१ एप्रिल २०२४ रोजी वेम्ब्लीवर एफए कपच्या उपांत्य सामन्यात समोर मँचेस्टर युनायटेड होते. ०-३ अशी पिछाडी कॉव्हेंट्रीने ३-३ केली, जादा वेळेच्या अखेरच्या क्षणी विजयी गोलही झाला, पण तो व्हीएआरने (व्हिडिओ पाहून निर्णय तपासणाऱ्या पंचांनी) अगदी थोडक्या अंतराच्या ऑफसाइडमुळे रद्द केला, आणि कॉव्हेंट्री पेनल्टींवर हरले. त्याच वर्षी नोव्हेंबरात, साडेसात वर्षांहून अधिक काळानंतर, रॉबिन्स यांना काढण्यात आले. संघ तेव्हा चॅम्पियनशिपच्या तळाकडे होता.

एकाच मॅनेजरच्या तारखा वेगवेगळ्या ठिकाणी वेगळ्या का दिसतात?

नेमणूक जाहीर झाली तो दिवस, करार सुरू झाला तो दिवस आणि पहिला सामना झाला तो दिवस, असे तीन दिवस असतात, आणि नोंदकर्ता यांपैकी एक निवडतो. जुन्या क्लबांत संचालकांच्या बैठकीची तारखही धरली जाते. विजयांची टक्केवारी पाहताना मैत्रीपूर्ण आणि युद्धकाळातील सामने वगळले आहेत का ते तपासावे. त्याचबरोबर क्लब कोणत्या श्रेणीत होता हेही पाहावे, कारण लीग टूमधील पन्नास टक्के आणि प्रीमियर लीगमधील पन्नास टक्के यांची तुलना होऊ शकत नाही.

या मॅनेजरांचा भारताशी, विशेषतः मुंबईशी, काही संबंध आला आहे का?

आला आहे. १९७९ च्या युरोपियन कप अंतिम सामन्यात क्लफ यांच्या फॉरेस्टसमोर स्वीडनचा माल्मो हा संघ होता आणि त्याचे मॅनेजर होते इंग्लंडचे बॉब हाउटन. तेच हाउटन पुढे ब्रिस्टल सिटीत गेले आणि २००६ पासून भारताच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. त्यांच्या काळात भारत २०११ च्या आशियाई चषकासाठी पात्र ठरला, १९८४ नंतर प्रथमच. सुंदरलंडमध्ये १९९५ ते २००२ अशी सात वर्षे काढलेले पीटर रीड २०१४ मध्ये, आयएसएलच्या पहिल्या हंगामात, मुंबई सिटी एफसीचे मॅनेजर होते.

उलट दिशेने गेलेले नाव डेस बकिंगहॅम यांचे. २०२१ मध्ये ते मुंबई सिटीत आले. २०२२ मध्ये त्यांच्या संघाने रियाधमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवले, आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबचा तो पहिला विजय होता. २०२२-२३ मध्ये त्यांनी आयएसएलची लीग शील्ड (साखळी फेरीत अव्वल येणाऱ्या संघाचा करंडक) जिंकली. नोव्हेंबर २०२३ मध्ये ते हंगाम अर्धवट सोडून आपल्या गावच्या ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, तेव्हा अंधेरीच्या मैदानावर नियमित येणाऱ्यांना चुटपुट लागली होती. सहा महिन्यांनी, मे २०२४ मध्ये, वेम्ब्लीवर बोल्टनला २-० असे हरवून ऑक्सफर्ड चॅम्पियनशिपमध्ये गेले. डिसेंबर २०२४ मध्ये ऑक्सफर्डने त्यांना काढले.